लिटरभर पेट्रोलची वीज

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत विजेचे खांब आडवे झाले. काही वाड्यांवर लाइट परत यायला आठवडे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. तेव्हापासून कोकणातल्या घरांत, आणि मुंबई-पुण्यात बसून गावच्या घराची काळजी वाहणाऱ्यांत, एक चर्चा अधूनमधून निघते: घरी छोटा जनरेटर घेऊन ठेवावा का, आणि घ्यायचा तर कोणता? पूर्वीसारखा भकभक करणारा कुणालाच नको असतो. एका हाताने उचलता येणारा, सुटकेससारखा दिसणारा, 'इन्व्हर्टर' जातीचा हवा असतो.

घेणारे बहुतेक जण खोक्यावरचा आकडा बघतात. 2000 की 2200? मग कंपनी, मग किंमत. माझ्या मते तो आकडा सगळ्यांत शेवटी बघायचा असतो. आधी बघायचं पेट्रोल. एक लिटर ओतलं तर किती वीज हाती लागते, आणि ती वापरायची आपली पद्धत काय, हे एकदा कळलं की निम्मी मॉडेल यादीतून आपोआप गळतात.

पण त्याआधी हे यंत्र वेगळं कुठे आहे ते पाहू. नव्वदच्या दशकात आणि पुढे 2005 नंतरच्या भारनियमनात दुकानांच्या शटरपुढे जे संच चालायचे, श्रीराम होंडाचे किंवा बिर्ला यामाहाचे, त्यांतले बरेचसे रॉकेलवरचे. पेट्रोलवर सुरू करायचे आणि इंजिन तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचे. त्यांचं इंजिन थेट वीज बनवायचं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून दोन ध्रुवांच्या अल्टरनेटरला मिनिटाला 3000 फेरे घ्यावेच लागत. एक बल्ब लावा नाहीतर अख्खं दुकान, आवाज आणि रॉकेलचा खर्च फारसा हलायचा नाही. लोड वाढला की फेरे खाली यायचे, बल्ब मंदावायचे आणि मालक धावत जाऊन थ्रॉटल पिळायचा.

इन्व्हर्टर जनरेटरमध्ये इंजिनाने बनवलेली वीज आधी डीसी होते आणि मग इलेक्ट्रॉनिक्सचं सर्किट तिला पुन्हा 50 हर्ट्झच्या स्वच्छ लहरीत घडवतं. इंजिनाचे फेरे आणि बाहेरची फ्रिक्वेन्सी यांचा संबंधच तुटतो. त्यामुळे लोड कमी असेल तेव्हा इंजिन सावकाश चालू शकतं. 'इको' नावाचं बटण एवढंच करतं. लॅपटॉप, राउटर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यांना ही वीज मानवते. जुन्या जनरेटरची वीज न स्वीकारता टकटक करत बॅटरीवर जाणारे संगणकाचे यूपीएससुद्धा इथे शहाण्यासारखे वागतात.

आता पेट्रोल. या वर्गातलं सगळ्यांत नावाजलेलं यंत्र म्हणजे होंडाचं ईयू 22 आय, अमेरिकेत ईयू 2200 आय. 121 सीसीचं इंजिन, वजन 21 किलो, टाकी 3.6 लिटरची. खोक्यावर 2200 वॅट लिहिलेलं असलं तरी सलग मिळतात 1800. पूर्ण लोडवर टाकी 3.2 तास चालते आणि पाव लोडवर, म्हणजे 450 वॅटवर, 8.1 तास. गुणाकार करून बघा: पाव लोडवर 3.6 लिटरमधून साधारण 3.6 युनिट. लिटरला एक युनिट. पूर्ण लोडवर 5.76 युनिट, म्हणजे लिटरला 1.6.

त्याच्या शेजारी यामाहाचं ईएफ 2000 आयएस ठेवा. 79 सीसी, 20 किलो, सलग 1600 वॅट, पाव लोडवर साडेदहा तास. होंडाचे आठ आणि याचे साडेदहा, म्हणजे यामाहा काटकसरी असंच कुणालाही वाटेल. पण याची टाकी 4.2 लिटरची आहे आणि याचा 'पाव' 400 वॅटचा आहे. गुणाकार केला की 4.2 लिटरला 4.2 युनिट. पुन्हा लिटरला एकच. होंडाचंच मोठं ईयू 30 आयएस घ्या, जे भारतातही विकलं जातं: 13 लिटर टाकी, 700 वॅटवर वीस तास, म्हणजे 14 युनिट. तेही तिथेच. जाहिरातीतले 'इतके तास चालतो' हे आकडे टाकीची मापं सांगतात, यंत्राची काटकसर नव्हे.

शंभरीपार गेलेल्या पेट्रोलच्या हिशोबाने हलक्या लोडवरचं एक युनिट शंभर रुपयांच्या पुढे पडतं आणि भरलेल्या लोडवरचं साठ-सत्तर रुपयांना. महावितरणच्या बिलाशी तुलना करूच नये. पण या दोन आकड्यांतला फरक मात्र नीट पाहावा. जनरेटर रात्रभर मंद आचेवर ठेवायची वस्तू नाही. दोन पंखे, चार बल्ब आणि राउटर यांचा लोड जेमतेम 200 वॅट. त्यासाठी दोन किलोवॅटचं इंजिन रात्रभर फिरवलं तर ते पाव लोडच्याही खाली चालतं आणि दोन युनिटसाठी दोन लिटरहून जास्त पेट्रोल पितं. वर शेजाऱ्यांची झोप जाते ती वेगळीच.

म्हणून माझं मत असं: गावच्या घराला जनरेटर घ्यायचा तर तो बॅटरीच्या जोडीला घ्यावा, बॅटरीऐवजी नव्हे. आपल्याकडे ज्या घरगुती इन्व्हर्टरला लोक नुसतं 'इन्व्हर्टर' म्हणतात, तो 150 एएचच्या ट्युब्युलर बॅटरीवर चालतो. बॅटरीत कागदावर 1.8 युनिट असतात, बिनघोर वापरता येतात एक-सव्वा. सत्तर-पंचाहत्तर वॅटचे जुने पंखे काढून तीस वॅटचे बीएलडीसी लावले, तर दोन पंखे, राउटर आणि एक-दोन दिवे मिळून शंभर वॅटही होत नाहीत आणि रात्र आवाजाशिवाय निघते. मग संध्याकाळी चार तास जनरेटर लावायचा, त्यात बॅटरी चार्ज करायची, फ्रिज गार करायचा, पाण्याची टाकी भरायची, मिक्सरवरचं वाटण उरकायचं. दिवसाला दोन लिटरच्या आसपास भागतं. इथे एक खोच आहे. आपल्या साध्या इन्व्हर्टरचे चार्जर हळू असतात, दहा-पंधरा अँपियरचे. रिकामी बॅटरी चार तासांत पूर्ण भरत नाही. त्यामुळे ती पूर्ण उतरूच द्यायची नाही, किंवा लवकर चार्ज होणारी लिथियमची घ्यायची. पण खर्चाचा पहिला रुपया पंख्यांवर टाकावा, जनरेटरवर नंतर. जनरेटरच्या दुकानात हा सल्ला मिळणार नाही.

आणि बऱ्याच घरांनी इथेच थांबावं. जिथे लाइट तीन-चार तास जाते आणि येते, तिथे बॅटरी पुरते. शहरातल्या फ्लॅटमध्ये पेट्रोलचा जनरेटर ठेवायला मुळात सुरक्षित जागाच नसते. तिथे पेटीसारखे लिथियमचे पॉवर स्टेशन मिळतात, एक युनिटच्या आसपास साठवणारे, जे बेडरूममध्येही ठेवता येतात. छतावर सोलर बसवलेल्यांचा एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. सूर्यघर योजनेतले बहुतेक सोलर ग्रीडला जोडलेले असतात आणि लाइट गेली की तेही मुद्दाम बंद होतात, खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून. लख्ख ऊन पडलेलं असतं आणि घरात पंखा फिरत नाही, हे बघून अनेकांना कंपनीने फसवल्यासारखं वाटतं. पण यंत्रणा तशीच बनवलेली आहे.

ज्यांना खरोखर जनरेटर हवा त्यांच्यासाठी निवडीचा निकाल पंप लावतो. पंखे, टीव्ही, दिवे यांच्यासाठी कुठलंही यंत्र चालेल. एक एचपीची मोटर चालू असताना हजार-अकराशे वॅट ओढते, पण सुरू होताना काही क्षण त्याच्या कितीतरी पट मागते. स्विच दाबल्यावर काय होतं ते एकदा जवळून पाहावं. इंजिनाचा आवाज खोल जातो, घरातले दिवे डोळे मिटल्यासारखे होतात, पंप नुसता गुरगुरतो आणि पॅनेलवर लाल दिवा लागतो. इंजिन चालू राहतं, वीज मात्र तुटलेली असते. काही यंत्रांत ती परत आणायला इंजिन बंद करून पुन्हा दोरी ओढावी लागते. खोक्यावरचे ते 2200 वॅट काही सेकंदांपुरते असतात आणि मोटरला तेवढे सेकंद पुरतातच असं नाही.

विहिरीवरचा अर्धा एचपीचा पंप दोन किलोवॅटवर बहुधा उठतो. इको बंद करून आणि बाकी सगळं काढून लावला तर. एक एचपीच्या बोअरवेलच्या सबमर्सिबलसाठी मी तीन केव्हीएच्या खाली जाणार नाही, आणि तरीही घेण्याआधी आपल्याच पंपावर चालवून दाखवायला सांगेन. विकणारा तयार नसेल तर त्यातच उत्तर आलं. फ्रिजचं आता बरंच सोपं झालंय. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचे नवे फ्रिज हळूच सुरू होतात आणि एक किलोवॅटच्या यंत्रावरही चालतात. जुना फ्रिज शंभर-दीडशे वॅटवर चालत असला तरी सुरू होताना हजाराच्या घरात जाऊ शकतो. गिझर, इस्त्री, इंडक्शन यांचा विचारच करू नये. वादळात पाणी गॅसवरच तापवावं.

आता मापं. एक किलोवॅटचा वर्ग, म्हणजे होंडाचं ईयू 10 आय किंवा यामाहाचं ईएफ 1000 आयएस, दोन्ही पन्नास सीसीच्या घरातली आणि तेरा किलोच्या आसपासची. माझ्या मते हा वर्ग उगाच दुर्लक्षित राहिला आहे. पंप नसलेल्या घराला, बॅटरी चार्ज करणाऱ्याला, आरोग्य शिबिराला, गडावर मुक्कामी जाणाऱ्या गटाला तो पुरतो. पंढरीच्या वाटेवर दिंडीच्या ट्रकबरोबर जनरेटर असतोच. रात्रीच्या तंबूंना दिवे आणि मोबाइल चार्जिंग एवढंच हवं असेल तर तिथेही हेच माप योग्य.

दोन किलोवॅटवाला सगळ्यांत जास्त खपतो. वीस-एकवीस किलो म्हणजे साठीतला माणूसही कसाबसा उचलतो. तीन केव्हीएचा ईयू 30 आयएस साठ किलोचा आहे, त्याला चाकं लागतात आणि लाल मातीच्या चढावर चाकांचा काही उपयोग होत नाही. म्हणूनच या वर्गात 'पॅरलल' ही सोय महत्त्वाची ठरते. एकाच मॉडेलची दोन लहान यंत्रं कंपनीच्या केबलने जोडली की त्यांची ताकद एकत्र होते. पंप लावायच्या वेळी दोन्ही चालवायची, बाकी वेळ एकच. एक बिघडलं तरी घर अंधारात जात नाही. पैसे जास्त जातात, पण दुर्गम वाडीत मला हीच मांडणी सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

अमेरिकेत याच मापात चॅम्पियन, वेस्टिंगहाउस, वेन, हार्बर फ्रेटचं प्रिडेटर अशी चीनमध्ये बनलेली यंत्रं होंडाच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. बहुतेकांत 79-80 सीसीचं एकसारखंच इंजिन असतं आणि वीज कागदावर तितकीच स्वच्छ. मग जास्तीचे पैसे कशाचे? सुट्या भागांचे, आणि पंधरा वर्षांनीही कार्बोरेटर मिळेल या भरवशाचे. होंडा निर्दोष आहे असंही नाही. इंधन गळतीच्या शक्यतेमुळे 2019 मध्ये अमेरिकेत ईयू 2200 आयची सुमारे दोन लाख यंत्रं दुरुस्तीसाठी परत बोलावली गेली. 2021 मध्ये आणखी तीन लाखांहून जास्त, कारण खारं पाणी लागलं तर आतलं इन्व्हर्टर सर्किट शॉर्ट होऊन धूर किंवा आग होऊ शकत होती. किनाऱ्यावरच्या माणसाने ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी, यंत्र कुठलंही असो. होडीवर किंवा वाळूत ते चालवू नये आणि खाऱ्या वाऱ्यात उघडं ठेवू नये.

आवाजाच्या आकड्यांत तर निव्वळ गोंधळ आहे. एकाच ईयू 22 आयसाठी अमेरिकेच्या पत्रकात 48 ते 57 डेसिबल आणि युरोपच्या पत्रकात 90 लिहिलेलं सापडतं. दोन्ही खरं. पहिला सात मीटरवर ऐकू येणारा आवाज, दुसरा यंत्रातून बाहेर पडणारी एकूण ध्वनिशक्ती. दोन वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून 'हा शांत' म्हणणं निरर्थक आहे. आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. म्हणजे अगदी शांत म्हणवणारं यंत्रही रात्री सात मीटरवर ही मर्यादा ओलांडतं. उंचीचाही फरक पडतो. दर तीनशे मीटरला ताकद साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते, त्यामुळे महाबळेश्वरात 1800 वॅटचे पंधराशे होतात.

बंद पडलेल्या लहान जनरेटरचं कार्बोरेटर उघडलं की बहुतेकदा आत जुनं पेट्रोल सापडतं. वर्षातून दोनदा लागणारं यंत्र उरलेलं वर्ष टाकीतल्या पेट्रोलसकट उभं असतं. ते पेट्रोल घट्ट होतं आणि जेटचं केसाएवढं भोक बुजतं. त्यात आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि पाणी वाढलं की पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतं. कोकणात जून ते सप्टेंबर हवेत ओलीशिवाय काही नसतं. बाहेरून आलेल्या अनेक यंत्रांच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं, हेही घेताना विचारावं. उपाय सोपा आहे आणि कुणी करत नाही: काम संपलं की इंधनाचा कॉक बंद करायचा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. जास्त दिवस ठेवायचं असेल तर टाकीही रिकामी करायची. महिन्यातून एकदा थोडा लोड लावून दहा-पंधरा मिनिटं फिरवायचं. दोन किलोवॅटच्या इंजिनात जेमतेम चारशे मिलिलिटर ऑइल असतं. ते पहिल्यांदा वीस तासांनी आणि मग दर शंभर तासांनी बदलायचं. सलग आठवडा वीज गेली तर दिवसाला चार तासांच्या हिशोबाने पहिले वीस तास पाचव्या दिवशीच भरतात, म्हणून ऑइलचा एक डबा आधीच घरात हवा.

पेट्रोल साठवायलाही मर्यादा आहे. स्वतःच्या वापरासाठी विनापरवाना तीस लिटरपर्यंतच मुभा आहे, तीही घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात. म्हणजे घरातला कमाल साठा हलक्या लोडवर तीस युनिटांचा, नीट लोड देऊन चालवलं तर चाळीस-पंचेचाळीस युनिटांचा. दिवसाला दोन लिटरच्या हिशोबाने दोन आठवडे. निसर्गनंतरच्या काही वाड्यांना तेवढेही पुरले नसते.

यंत्र कुठे ठेवायचं, हा प्रश्न निवडीइतकाच मोठा आहे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. अमेरिकेत पोर्टेबल जनरेटरच्या या वायूने दरवर्षी शंभराच्या आसपास माणसं मरतात, आणि त्यातली बरीच वादळानंतरच्या दिवसांत. आपल्याकडे पाऊस लागला की जनरेटर पडवीत किंवा मागच्या दारी छपराखाली ओढायचा मोह होतो. पडवी घराला जोडलेली असते. दारं-खिडक्यांतून धूर आत येतो आणि आतल्या माणसाला नुसतं डोकं दुखल्यासारखं, झोप आल्यासारखं वाटतं. घरापासून किमान वीस फूट लांब, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला आणि वर चारी बाजूंनी मोकळा पत्रा. एवढी सोय पावसाळ्याआधी करून ठेवावी.

दुसरा धोका दोन्ही टोकांना पिन लावलेल्या वायरचा. जनरेटरची वीज भिंतीतल्या सॉकेटमधून उलटी घरात सोडायची ही युक्ती गावोगाव चालते. मेन स्विच बंद करायचा राहिला तर ती वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून 11,000 व्होल्टची होते आणि खांबावर चढलेल्या माणसापर्यंत पोचते. वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यायला फार खर्च येत नाही. नाहीतर सरळ एक्स्टेंशनवर फ्रिज आणि बॅटरीचा चार्जर लावावा.

विकत घेताना भारतातल्या जनरेटरवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मानकांनुसार मान्यतेचं लेबल हवं. त्याच्या चाचण्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात. ऑनलाइन मिळणाऱ्या बेनामी पेट्यांवर ते शोधून पाहा. परदेशातल्या भावाने 'इथे स्वस्त आहे, पाठवू का' म्हटलं तर अमेरिकेतला असल्यास नको म्हणा, कारण तो 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झचा असतो आणि आपला पंप-फ्रिज त्यावर चालणार नाही. युरोपातला 230 व्होल्टचा चालेल, पण त्याचा कार्बोरेटर साफ करणारा आणि सर्किट बदलून देणारा माणूस जिल्ह्यात आहे का, हे आधी विचारा. आणि वापरलेला घेणार असाल तर विकणाऱ्याला तुम्ही पोचण्याआधी इंजिन गरम करून ठेवू देऊ नका. थंड इंजिनाची दोरी स्वतः ओढा, हजार वॅटची इस्त्री लावा, इको बंद करून दहा मिनिटं चालवा. मग इको चालू करून इस्त्री काढा-घाला. फेरे पटकन चढ-उतार करत नसतील किंवा सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर किंमत कितीही पाडून मिळाली तरी घेऊ नका.